मदत हवी आहे: हायस्कूलच्या संगीत वर्गासाठी मिरजेचे तानपुरे

सांगलीतील सरकारी हायस्कूलसाठी मिरजेहून तानपुरे घ्यायचे आहेत. मुली काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गातात. आवाज फुटलेल्या नववी-दहावीच्या मुलांना काळी एक लागते. एकच तानपुरा रोज चढवला-उतरवला तर तार तुटते, किंवा सैल पडून जवारी (घोडीवर तारेला मिळणारा झंकार) बोलत नाही. म्हणून दोन वेगळेच घ्यावेत. कोवळ्या गळ्यांवर जबरदस्ती नकोच. मुलींच्या तानपुऱ्याला पोलादी तारा किती गेजच्या (जाडीच्या) लावाव्यात? खर्ज (सर्वांत खालच्या सुराची तार) पितळेचाच ठेवावा ना?

काळी चारच्या तबल्याला किती इंची तोंड बरं? पावसाळ्यात पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) सैल पडून सूर उतरतो, हे धरूनच सांगा.

आणि मुख्य म्हणजे, तानपुऱ्याचा भोपळा वर्गातल्या धक्क्यांनी तडकतो. त्याऐवजी सपाट लाकडी खोक्याचा तानपुरा घेतला, तर गुंजन कितपत कमी होतं?