सायकली वाढवून भागत नाही

शहरातल्या भाड्याच्या सार्वजनिक सायकलींबद्दल एकांनी लिहिलंय की सायकली दुप्पट केल्या की अशी योजना आपोआप चालते. मला नाही पटत. पॅरिसचं वेलिब बघा, म्हणजे तिथली अशीच सायकल योजना: एका स्टेशनवरून (सायकल स्टँडवरून) सायकल घ्यायची, दुसऱ्यावर लावायची. जुलै 2007 मध्ये सुरू झालं, सायकली हजारोंनी होत्या, तरी डोकेदुखी राहिलीच, कारण त्या भलत्याच ठिकाणी जमा होतात. मोंमार्त्रची टेकडी उतरायला सगळ्यांना सायकल हवी, चढायला मात्र मेट्रो! मग वरची स्टेशनं रिकामी आणि खाली सायकल लावायला जागा नाही. रिकामं स्टेशन एक वेळ परवडलं. ऑफिसच्या घाईत भरलेलं स्टेशन म्हणजे निव्वळ वैताग, कारण सायकल लावेपर्यंत भाड्याचं मीटर चालूच. यावर वेलिबवाल्यांनी शक्कल काढली: उंचावरच्या स्टेशनवर सायकल नेऊन लावली की 15 मिनिटं जादा फुकट. तरीही गाड्यांत भरून सायकली हलवाव्या लागतातच, आणि तो खर्च कायमचा मागे लागतो.

जाता जाता, तिथल्या लोकांची एक पद्धत मला फार आवडते. सायकल नादुरुस्त निघाली की सीट उलटं फिरवून ठेवायचं. पुढचा माणूस लांबूनच ओळखतो आणि दुसरी घेतो.

2018 मध्ये वेलिब चालवणारा ठेकेदार बदलला, तेव्हा तर बऱ्याच नव्या स्टेशनांना वीजजोडणीच वेळेत मिळाली नाही. कित्येक महिने लोक बोंबलत होते. त्याच वेळी ई-सायकली आल्या, त्यामुळे चढाचं दुखणं जरा कमी झालं.