अपूर्णांकांचा भागाकार: भावी शिक्षकांना 'का' कसं समजवावं?

छेदबिंदू: प्रशिक्षणार्थी शिक्षक २ ÷ ३/४ बिनचूक सोडवतात, पण यावर शाब्दिक उदाहरण रचा म्हटलं की गाडी अडते. बरेच जण '२ लिटरचा ३/४ भाग किती?' असं लिहितात. हा तर गुणाकार झाला! सुरुवात कुठून करावी?

पाढेवाला: 'उलटा करा नि गुणा' काही दिवस बंदच ठेवा. '६ मध्ये २ किती वेळा मावतात?' हाच प्रश्न ६ ÷ १/२ ला विचारा. मग २ ÷ ३/४ साठी दोन सारख्या कागदी पट्ट्या घ्या, प्रत्येकीचे ४ भाग, एकूण ८. तीन-तीनचे गट पाडा. दोन गट होतात, २ भाग उरतात. फसगत इथेच होते. उरलेला तुकडा अर्धी पट्टी दिसतो, म्हणून उत्तर 'अडीच' येतं. पण आता माप पट्टी नाही, तीन भागांचा गट आहे. त्यातले दोन म्हणजे २/३. उत्तर २ पूर्णांक २/३. ही चूक होऊ द्या, लगेच दुरुस्त करू नका.

त्रिज्या: पटलं, पण १/२ ÷ ३/४ मध्ये एकदाही पूर्ण मावत नाही, तिथे मंडळी गोंधळतात. त्यांना विचारा: ३/४ भिंतीला १/२ डबा रंग लागला, तर पूर्ण भिंतीला किती? पाव भिंतीला १/६, पूर्ण भिंतीला ४/६. आधी ३ ने भागलं, मग ४ ने गुणलं. उलटा अपूर्णांक येतो तो असा.

छेदबिंदू: आणि समजलंय का, हे कसं तपासायचं?

पाढेवाला: २ ÷ ३/४, २ × ३/४ आणि २ − ३/४ यांवर तीन वेगळी उदाहरणं रचायला लावा. उत्तर २ पेक्षा मोठं की लहान, हे आकडेमोडीआधी लिहून घ्या.