उत्तर विभाग चालत नाही, पूर्व विभाग चालतो?

"लष्करी दौरे म्हणजे हारतुरे आणि फोटो, त्यावरून एवढा गहजब कशाला?" असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. २०१० मध्ये चीनने लेफ्टनंट जनरल बी. एस. जसवाल यांना येऊ दिलं नाही, कारण ते भारतीय लष्कराच्या उत्तर विभागाचे प्रमुख, म्हणजे जम्मू-काश्मीर त्यांच्या अखत्यारीत. भारताने चीनबरोबरची लष्करी देवाणघेवाणच (एकमेकांकडचे दौरे) थांबवली, ती २०११ पर्यंत.

गंमत अशी, की आदल्याच वर्षी पूर्व विभागाचे प्रमुख व्ही. के. सिंग चीनला जाऊन आले होते. अरुणाचल त्यांच्याकडे, ज्यावर चीन उघड हक्क सांगतो! त्याच सुमारास चीनचे अधिकारी काश्मिरींच्या पासपोर्टवर शिक्का न मारता व्हिसाचा वेगळा कागद पिन करून देत होते, म्हणजे काश्मीर भारताचा भाग मानायचं टाळत होते. म्हणजे आक्षेप माणसावर नव्हता, नकाशावर होता.