अनुभव धागा: पोस्टवरून, चॅटवरून व्हिसा अडकला किंवा विमानतळावरून परत पाठवलं, असं कुणाकडे झालंय का?

पाचपाखाडीची आई
धागा काढतेय कारण दोन महिने हे मनात घोळतंय आणि बिल्डिंगमध्ये कुणाशी बोलायची सोय नाही, लगेच बातमी होते. लेकीचा एफ-१ चा, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचा, इंटरव्ह्यू २०२५ च्या जुलैत होता. मे अखेरीला अमेरिकेने विद्यार्थ्यांचे नवीन स्लॉटच थांबवले होते, मग १८ जूनला नियम आला की सगळी सोशल मिडिया अकाउंट पब्लिक करून ठेवा, तोवर आमचं अर्धं अवसान गळालं होतं. इंटरव्ह्यूच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो आणि तिचं इन्स्टा वरपासून खालपर्यंत चाळलं. मैत्रिणींचे फोटो, तलावपाळीवरचे वडे, कॉलेजचं पथनाट्य. आणि मग एक कविता. ऑक्टोबर २०१९ ला आरेची झाडं रात्रीत तोडली तेव्हा ही सोळा वर्षांची होती, रडत रडत आठ ओळी लिहून टाकल्या होत्या. तिचे बाबा म्हणाले राहू दे, झाडांवर तर आहे. मी म्हटलं काढ. ती काही बोलली नाही, काढली.

इंटरव्ह्यूत तीन प्रश्न विचारले आणि हातात २२१-जी ची चिठ्ठी दिली, म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. रोज सकाळी स्टेटस बघायचं. पाचव्या आठवड्यात व्हिसा आला, धावतपळत गेली, आता बरी आहे तिकडे. पण तेव्हापासून तिने कुठे एक ओळ लिहिलेली नाही. आधी महिन्यातून दोनदा तरी काहीतरी लिहायची. मी विचारलं तर म्हणते 'आई नको ना, कशाला.' मला हे फार लागून राहिलंय. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, नावगाव नको, कुठल्या ऑफिसात कोण काय बोललं तेही नको, फक्त काय घडलं ते.

घणसोली सेक्टर ७
ताई, आमच्याकडे पोस्ट नव्हतीच, व्हॉट्सॅप होतं. माझा मेव्हणा, वय ४१, रबाळे एमआयडीसीत त्याचं स्वतःचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, फेसबुकवर गणपती आणि क्रिकेट सोडून काही टाकत नाही. मावसभावाचं तिकडे मोटेल आहे म्हणून फिरायला निघाला, दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा व्यवस्थित मिळालेला. उतरल्यावर काउंटरवर विचारलं किती दिवस, हा म्हणाला पाच महिने, झालं, आतल्या खोलीत नेलं. तिथे फोन आणि पासकोड मागितला. नाही म्हणायची सोय असते कागदावर, पण त्यांचा नागरिक नसाल तर नाही म्हटल्यावर प्रवेशच नाकारू शकतात. फोनचं नेटवर्क बंद करून बघतात, म्हणजे फोनमध्ये उतरलेलं असेल तेवढंच बघायचं असा त्यांचा नियम आहे, पण व्हॉट्सॅप सगळं फोनमध्येच उतरलेलं असतं ना.

त्यात मावसभावाचा मेसेज निघाला, आपण इंग्रजी अक्षरात मराठी टाइप करतो तसा. 'ये रे बिनधास्त, राहा पाच-सहा महिने, नळाचं काम तूच बघ आता, पैशाचं बघू आपण.' आता हे आपल्यापैकी कुणालाही वाचून दाखवा. पैशाचं बघू म्हणजे तिकिटाचं टेन्शन घेऊ नको, मी आहे. पण फोनवरच्या दुभाष्याने ते हिंदीतून इंग्रजीत नेलं आणि तिथे त्याचं झालं की कामाचे पैसे ठरवू. मेव्हण्याने तीनदा समजावलं, त्याचं इंग्रजी जेमतेम, घशाला कोरड पडलेली. अकरा तास बसवलं. मग दोन रस्ते सांगितले, एक म्हणजे मी स्वतःहून प्रवेशाचा अर्ज मागे घेतो (विथड्रॉवल) अशी सही, नाहीतर सरळ रिमूव्हल, म्हणजे हकालपट्टी, त्यात पाच वर्षं बंदी. त्याने सही केली. व्हिसा रद्द, पुढच्या विमानाने परत.

सासूबाईंनी भाजणी आणि मेतकूट दिलं होतं ते जसंच्या तसं परत आलं. पहाटे चारला दारात उभा, काही बोलला नाही, आंघोळ केली आणि साडेआठला वर्कशॉपला गेला. गावात लोक विचारतात 'काय केलं होतंस रे?' हा प्रश्न फार वाईट आहे. काहीच केलं नव्हतं त्याने.

राममारुती रोड, फॉर्मवाला
चौदा वर्षं व्हिसाचे फॉर्म भरून देतो म्हणून लिहितो. ३१ मे २०१९ पासून डीएस-१६० मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मिडिया अकाउंटची नावं मागतात, फक्त विद्यार्थ्यांकडून नाही, जवळपास सगळ्यांकडून. लोक काय करतात, जुनं अकाउंट लपवतात. ते करू नका हो. बंद केलेलं असलं तरी पाच वर्षांतलं असेल तर लिहायचं. पोस्टवरून अडकलेली माणसं सुटतात, माझ्याकडचे चारपाच जण सुटलेत, पण खोटं लिहिलं असा शिक्का बसला तर तो जन्मभराचा असतो. एका पोराने 'काहीच नाही' असं टिक केलं होतं आणि त्याच्या वाढदिवसाच्या फोटोत मित्राने त्याला टॅग केलेलं. आणि सगळं पुसून कोरं अकाउंट घेऊन जाऊ नका, बावीस वर्षांच्या मुलाचं कोरं अकाउंट बघून कुणालाही प्रश्न पडेल. ताई, तुमच्या मुलीची कविता राहिली असती तरी चाललं असतं असं माझं मत. तुम्हाला दुखवायला नाही लिहीत.

पाचपाखाडीची आई
दादा, नाही दुखावले. पण तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

वाशी सेक्टर १७
थोडक्यात लिहितो. मी एच-१बी वर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा), भावाच्या लग्नाला नोव्हेंबरमध्ये आलो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवीन व्हिसा घ्यायची तारीख. १५ डिसेंबर २०२५ पासून सोशल मिडियाची तपासणी एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) ला पण लागू झाली, एक मेल आला आणि तारीख थेट मार्चमध्ये. माझ्या अकाउंटवर आक्षेपार्ह काही आहे की नाही हे कुणी बघितलेलंच नाही अजून. बायको आणि साडेचार वर्षांची मुलगी तिकडे, मी इकडे आईच्या हॉलमध्ये रात्री त्यांच्या वेळेनुसार काम करतोय, कंपनीने परवानगी दिली आहे पण किती दिवस. मुलगी विचारते बाबा लग्न संपलं नाही का अजून.

खारघरकर
सगळे निर्दोषच असतात असं नाही, म्हणून माझं पण लिहितो. आखातात नऊ वर्षं होतो. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन, डोकी तापलेली, एका धर्माला दोष देणारी पोस्ट मी शेअर केली. मी लिहिली नव्हती, पण शेअर मीच केली. तेव्हा दुबईत, शारजात असे बरेच भारतीय अडचणीत आले, शेवटी तिथल्या आपल्या राजदूतांना जाहीर सांगावं लागलं की भेदभाव आपल्या मूल्यांत बसत नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका माणसाने, ज्याच्या घरी मी सात वर्षं ईदला जेवलोय, त्याने ती वाचली. तक्रार दुसऱ्याच कुणीतरी केली, त्याने नाही. नोकरी गेली, परत आलो, दोन वर्षांनी नवीन कंपनीने अर्ज टाकला तर कारण न देता नकार. त्या पोस्टमुळेच का, कुणी सांगत नाही. मला नोकरीपेक्षा त्याचं वाईट वाटतं, त्याने फोन केला नाही मला आणि मी पण केला नाही.

कोलशेत, निवृत्त
सर्वांचं वाचलं, मन दुखतं. पण घर त्यांचं, दार त्यांचं. आपण पण सोसायटीत वॉचमनला सांगतोच ना कुणाला सोडायचं ते.

नेरुळ
काका, दार त्यांचं हे मान्य. पण वॉचमनने आत सोडताना तुम्ही मागच्या निवडणुकीत काय बोललात ते विचारलं तर? मार्च २०२५ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाला ह्युस्टनहून परत पाठवलं, फ्रान्सचे मंत्री म्हणाले ट्रम्प सरकारच्या संशोधन धोरणावर फोनमध्ये मतं लिहिली होती म्हणून, अमेरिकेने ते फेटाळलं, म्हणाले त्याच्याकडे प्रयोगशाळेची गोपनीय माहिती होती. खरं काय ते त्या खोलीतल्यांना माहीत. न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून संशयावरून मागितलेला फोनचा पासवर्ड दिला नाही तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आहे, पण निदान तो कायद्यात लिहून ठेवलाय.

आणि आपलं पण बघूया. ब्रिटनमधल्या प्राध्यापिका निताशा कौल यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनेच परिषदेला बोलावलं होतं, आणि केंद्राच्या इमिग्रेशनने बंगळुरू विमानतळावरून परत पाठवलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली, एकीने लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यांना लावलेलं आयटी कायद्यातलं ६६-अ कलम मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. त्या मुलींसाठी कुणाला तरी कोर्टात जाता आलं. घणसोलीच्या मेव्हण्याला कुठे जाता येणार?

कोलशेत, निवृत्त
हे पटलं. माझा नातू पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे, त्याला मी कालच सांगितलं सगळं उडव म्हणून. आज परत फोन करतो.

पाचपाखाडीची आई
काका, नक्की करा. मी पण लेकीला हा धागा पाठवला. ती कविता माझ्याकडे आहे. काढायच्या आधी मी किराण्याच्या वहीत उतरवून घेतली होती, तिला माहीत नव्हतं. काल फोटो काढून पाठवला. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही अजून.

घणसोली सेक्टर ७
एक विचारायचं होतं, फॉर्मवाले दादा किंवा कुणीही. विथड्रॉवलची सही केल्यावर परत अर्ज करता येतो म्हणतात, बंदी नसते. कुणी केलाय का तसा, आणि इंटरव्ह्यूत त्या मेसेजबद्दल काय सांगितलं? मेव्हणा स्वतः विचारणार नाही, पण मावसभावाच्या मुलीचं लग्न पुढच्या मेमध्ये आहे.