सुपरमॅनच्या पहिल्या कॉमिकच्या 'शंभरच प्रती उरल्या' म्हणतात, पण मोजल्या कुणी?

कोथरूडचा_वेताळ
सुपरमॅन नंबर १ (१९३९ चं) नोव्हेंबर २०२५ मध्ये हेरिटेजच्या लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरला गेलं ही बातमी वाचली असेलच. कॅलिफोर्नियात आई गेल्यावर तीन भाऊ घर आवरत होते, माळ्यावर एका खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडलं म्हणे. तिथून जो नाद लागला तो अ‍ॅक्शन कॉमिक्स नंबर १ पर्यंत गेलो, म्हणजे १९३८ चं, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला ते. त्याच्याबद्दल जिथे बघावं तिथे एकच वाक्य, दोन लाख छापली आणि साधारण शंभर उरली. छापली किती ते एक वेळ समजू शकतो, प्रेसचा हिशोब असणार, पण उरली किती हे कुणी घरोघरी जाऊन मोजलं का राव? दुसरं म्हणजे ते ग्रेडिंग. ८.५ वाली प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली, म्हणजे हा ८.५ कोण ठरवतं आणि कशावरून? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, घरी विषय काढला की बायको रद्दीवाल्याचा नंबर देते.

एडिसनकर
मी इकडे न्यू जर्सीत अधूनमधून कॉमिक्स ग्रेडिंगला पाठवतो (एवढी महागडी नाही हो, साधीच) तर जेवढं माहितीय तेवढं लिहितो.

सीजीसी नावाची कंपनी आहे, २००० साली सुरू झाली, आता फ्लोरिडात सॅरासोटाला. आधी विकणाराच सांगायचा "एकदम टकाटक आहे" आणि घेणाऱ्याने विश्वास ठेवायचा, आता तिसरा माणूस बघतो आणि त्याचा खरेदी-विक्रीशी संबंध नसतो. स्केल ०.५ ते १०. एकापेक्षा जास्त ग्रेडर प्रत बघतात, पानं मोजतात, स्टेपल गंजलेत का, स्पाइनवर (पुस्तकाच्या पाठीच्या घडीवर) किती बारीक चिरा, कोपरे बोथट झालेत का, कुठे रंग भरलाय का ते तपासतात. मग कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सील करतात, तिला सगळे स्लॅब म्हणतात. लेबलवर ग्रेड आणि शिवाय पानांचा रंग वेगळा लिहितात, पांढरी की ऑफव्हाइट की क्रीम, कारण तो कागद म्हणजे स्वस्तातला न्यूजप्रिंट, आम्ल असतं त्यात, आपोआप पिवळा पडून शेवटी तुकडे पडायला लागतात.

पानं मोजायची गंमत सांगतो. अ‍ॅक्शन १ मध्ये चक डॉसन नावाच्या काउबॉयची गोष्ट आहे आणि तिच्या पानावर पोरांसाठी स्पर्धा होती, पान रंगवा आणि पाठवा, रोख बक्षीस. आता दहा सेंटचं पुस्तक, बक्षीस मिळणार म्हटल्यावर कुठला पोरगा पान फाडायचं सोडेल? त्यामुळे ते पान जागेवर आहे का आणि त्यावर क्रेयॉन फिरलाय का हे बघावंच लागतं.

आणि तुमचा मुख्य प्रश्न, कंपनीकडे आलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद राहते आणि ती यादी ऑनलाइन कुणीही बघू शकतो, नावच सेन्सस. अ‍ॅक्शन १ च्या नोंदी पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. झालं की, थोड्या बाहेर राहिल्या असतील त्या धरून शंभर.

खडूस_आकडेमोड
एडिसनकर, बाकी सगळं बरोबर पण शेवटचं 'झालं की' एवढं सोपं नाहीये. सेन्सस म्हणजे किती वेळा ग्रेडिंग झालं त्याचा आकडा. किती पुस्तकं आहेत त्याचा नाही.

समजा माझ्याकडे ७.५ आहे. मला वाटतं ८ मिळायला हवा होता. मी स्लॅब फोडतो, प्रत प्रेस करून घेतो (उष्णता आणि दाब देऊन वळ्या काढतात, सीजीसी याला डागडुजी धरत नाही), परत पाठवतो, ८ मिळतो. आता जुनं लेबल मी कंपनीला परत पाठवलं तरच जुनी नोंद उडते, आणि सगळे थोडेच पाठवतात. पुस्तक एक, नोंदी दोन. अर्ध्या पॉइंटला लाखो डॉलर असतील तर लोक हा उद्योग करणारच.

उलट बाजूने, सगळ्यात भारी प्रत सेन्ससमध्ये नाहीच! कोलोरॅडोत एडगर चर्च म्हणून गृहस्थ होते, त्यांचा अठरा हजारांहून जास्त कॉमिक्सचा साठा १९७७ मध्ये चक रोझान्स्की नावाच्या कॉमिक्स विक्रेत्याने घेतला, त्यालाच माइल हाय कलेक्शन म्हणतात. त्यातली अ‍ॅक्शन १ सगळ्यात उत्तम प्रत मानतात आणि ती सीजीसीकडे कधी गेलेलीच नाही. सेन्ससमध्ये वरचा ग्रेड ९.० दिसतो. त्यातली एक निकोलस केजच्या घरातून २००० मध्ये चोरीला गेलेली, २०११ मध्ये एका भाड्याच्या स्टोरेजमध्ये सापडली आणि त्याच वर्षी २१ लाख ६० हजारांना विकली गेली. दुसरी वेस्ट व्हर्जिनियात कुणीतरी १९३८ मध्ये घेऊन देवदाराच्या पेटीत ठेवून दिली होती, पानं अजून पांढरी, २०१४ मध्ये ईबेवर ३२ लाखांना गेली. म्हणजे ग्रेड सारखाच, भाव मात्र वेगळा.

मग अंदाज कसा बांधतात? मुरलेले संग्राहक काय करतात, वीसेक वर्षांचे लिलावाचे फोटो समोर ठेवतात आणि एकेक प्रत ओळखायला लागतात. स्टेपल किती वाकडी, कव्हर घडीला किती सरकलंय, दुकानदाराने पेन्सिलने टाकलेली तारीख, कुणा पोराने लिहिलेलं नाव. हे स्लॅब बदलला तरी बदलत नाही. एकदा प्रती ओळखता आल्या की तळ्यातले मासे मोजायचा जुना हिशोब लावता येतो (थोडे पकडून खूण करून सोडायचे, परत जाळं टाकल्यावर खूणवाले किती येतात त्यावरून एकूण काढायचे). उदाहरणच घ्या, पहिल्या दहा वर्षांत २० वेगळ्या प्रती बाजारात दिसल्या, पुढच्या दहा वर्षांत १५, आणि त्यातल्या ५ आधी दिसलेल्याच. तर २० गुणिले १५ भागिले ५, म्हणजे ६० च्या आसपास. अर्थात यात गृहीत धरलंय की प्रत्येक प्रत बाजारात यायची शक्यता सारखी, आणि ती नसते, काही लोक मरेपर्यंत विकत नाहीत. म्हणून असा आकडा कमीच येतो, खरा त्याच्या वर असतो.

पल्लवी_के
मस्त चर्चा. पण मग हे महागड्या पुस्तकालाच लागू होतं ना? दहा डॉलरचं जुनं कार्टूनचं कॉमिक कोण पैसे भरून ग्रेड करणार.

खडूस_आकडेमोड
अगदी! मुद्द्याचं बोललात. महाग पुस्तक बहुतेक सगळं सेन्ससमध्ये येतं, स्वस्त पुस्तक येतच नाही. त्यामुळे सेन्ससमध्ये चारच प्रती दिसल्या म्हणजे दुर्मीळ असं नाही, कधीकधी कुणाला पडलेलीच नसते. विकणारे नेमकं हेच लपवतात, 'सेन्ससमध्ये फक्त ४' असं ठळक अक्षरात लिहितात. सीजीसीच्या आधी गर्बर दांपत्याने १९८९-९० मध्ये फोटोंचे मोठे खंड काढले, प्रत्येक कॉमिकला दुर्मिळतेचा १ ते १० आकडा दिला, तो त्यांच्या नजरेवर आणि संग्राहकांशी बोलून दिलेला. त्या काळासाठी अफाट काम, पण नंतर काही पुस्तकं त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली.

कोथरूडचा_वेताळ
लई भारी. दोन लाखांतली बाकीची गेली कुठे पण?

एडिसनकर
युद्धात. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इकडे रद्दी जमा करायच्या मोहिमा होत्या, शाळकरी पोरंच घरोघर फिरून गठ्ठे गोळा करायची. नंतर १९४८ च्या सुमारास तर काही गावांत कॉमिक्सने पोरं बिघडतात म्हणून होळ्या केल्या. आणि बाकीचं आईने फेकलं, ते सगळीकडे सारखंच.

शिवण_उसवली
इकडे विषय निघालाच आहे तर आपल्या इंद्रजाल कॉमिक्सचं सांगते. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलं, १९९० ला बंद. वेताळ, मँड्रेक, नंतर बहादूर. आमच्याकडे मराठी अंकांचे बाइंड केलेले खंड आहेत आणि वरचं वाचून पोटात गोळाच आला, कारण बाइंडिंगवाल्याने तिन्ही बाजूंनी कडा कापून सरळ केल्यात, काही अंकांची कव्हरं काढून टाकलीत, आणि एकदोन पानांना सेलोटेप. हे ग्रेडिंगला गेलं तर काय होईल?

एडिसनकर
परदेशी कॉमिक्सही घेतात ते, पण कडा कापलेल्या असतील तर तो बदल मोजतात आणि सहसा जांभळं लेबल, म्हणजे रिस्टोअर्ड, मूळ प्रतीत फेरफार केलेलं. नेहमीचं लेबल निळं असतं, तेच पुस्तक जांभळ्यात गेलं की भाव धाडकन खाली. कव्हर नसेल तर ग्रेड तळाला, नाहीतर मिळतच नाही. सेलोटेप हा दोष धरतात पण कृपा करून ओढून काढू नका, टेपबरोबर छपाई निघून येते. आणि दोराही उसवू नका.

खडूस_आकडेमोड
आणि ग्रेडिंगला पाठवून करणार काय? मराठी इंद्रजालची ना छपाईची संख्या कुठे मिळत ना लिलावांचे फोटो, मग मासे मोजायचे कशावरून. सुरुवात उलटीकडून करावी लागेल. ज्यांच्याकडे जुने मराठी अंक आहेत त्यांनी इथेच टाका, अंक क्रमांक, कव्हर आहे का, कडा कापल्यात का, आणि आत कुणाचं नाव किंवा वाचनालयाचा शिक्का असेल तर त्याचा फोटो. शिक्का महत्त्वाचा, उद्या तोच अंक दुसऱ्याकडे दिसला तर ओळखता येईल. मी एक्सेल करतो.

शिवण_उसवली
माझ्याकडच्या बऱ्याच अंकांवर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या एका वाचनालयाचा गोल शिक्का आहे, अगदी वेताळाच्या तोंडावरच मारलाय. रविवारी फोटो टाकते.