मदत हवी आहे: वाऱ्यात नेम चुकतोय, रायफल बदलू का?

लोकहो,

कोलोरॅडोत राहतो, ग्रीन कार्ड आहे. दोन वर्षांपासून शेजारच्या वायोमिंगमध्ये परवाना काढून प्रॉन्गहॉर्नच्या शिकारीला जातोय. (इथे सगळे त्याला अँटिलोप म्हणतात, पण ते खरं हरीण नव्हे, त्याचं कुळच वेगळं.) भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद आहे हे ठाऊक आहे. शिकार चूक की बरोबर यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

माझी रायफल .३०८ विंचेस्टर काडतुसाची, गोळी १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). गेल्या हंगामात लॅरमीच्या उत्तरेला ३४० यार्डांवर एक नर आडवा उभा होता, तोंड उजवीकडे. मी उंचवट्याच्या आडोशाला पालथा झोपलेलो, पुढे सॅक टेकवलेली. वारा डावीकडून. हातातलं वारामापक ताशी ९-१० मैल दाखवत होतं, म्हणून खांद्यामागच्या जागेपासून ८ इंच डावीकडे नेम धरला. चाप ओढला तर धूळ उडाली त्याच्या छातीपुढे! जखम नाही, रक्त नाही. तासभर शोधून खात्री केली. नुसतीच चुकली याचं खरं सांगतो, बरंच वाटलं.

सोबतचा मित्र म्हणतो, ".३०८ म्हाताऱ्यांची, ७ एमएम पीआरसी घे, वारा विसरशील." दुर्बिणीसकट मोठा खर्च आहे. घ्यावी का? की ६.५ क्रीडमूर पुरेल? (दोन्ही .३०८ सारखेच काडतुसांचे प्रकार.)

अवांतर: कोकणात आजोबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. त्यांचं गणित एकच, डुक्कर माडाइतक्या अंतरावर येईपर्यंत गप्प बसायचं.

प्रतिसाद १

आजोबांचं गणित बरोबर होतं. :)

आता आकडे. समुद्रसपाटीच्या हवेत, ताशी १० मैलांचा बरोब्बर आडवा वारा, ४०० यार्ड. तुमची .३०८ गोळी सुमारे १४ इंच वाहते (म्हणजे वाऱ्याने बाजूला सरकते), ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची सव्वानऊ-साडेनऊ, ७ पीआरसीची १७५ ग्रेनची साडेसात. तुमच्याकडे उंचीमुळे हवा विरळ, म्हणून सगळेच आकडे थोडे कमी होतील. म्हणजे क्रीडमूरवर गेलात तर फरक जाणवेल. तिथून पुढे पीआरसीने मिळतात जेमतेम दोन इंच, आणि धक्का मात्र खांद्याला चांगलाच कळतो. धक्क्याला बिचकून चाप हिसकणारा माणूस दोन इंच केव्हाच घालवून बसतो.

पण तुमची गोळी रायफलमुळे चुकलेलीच नाही. वारा बहुधा दुप्पट होता. तुम्ही आडोशाला बसून मोजलात, गोळी गेली उघड्यावरून.

मी अंतर असं ठरवतो: प्रॉन्गहॉर्नच्या छातीतली मारायची जागा साधारण ८ इंच, म्हणजे मध्यापासून ४. वारा ओळखण्यात माझी चूक ताशी ५ मैलांची होते, हे मी मान्य केलंय. .३०८ मध्ये त्या चुकीचे ३०० यार्डांवर पावणेचार इंच होतात, ४०० वर सात. मग माझी हद्द कुठे, ते सांगायला दुसरं कुणी लागत नाही.

प्रतिसाद २

+१. वारामापक फक्त तुमच्या नाकापुढचं सांगतं. त्या वाऱ्याचं वजन सर्वांत जास्त हे खरं, कारण तिथे वळलेली गोळी पुढे वळतच जाते, पण आडोसा असेल तर तोच आकडा फसवतो. दोन पावलं उंचवट्यावर सरकून परत मोजा. मग मधल्या पट्ट्यातलं गवत बघा. सेजब्रश बघू नका, ती झुडपं ताठ, लवकर हलत नाहीत. दुर्बिणीत मृगजळाच्या लाटा दिसत असतील तर त्या वाहतात ती वाऱ्याची दिशा. लाटा सपाट झाल्या की वारा ताशी १२ मैलांच्या आसपास किंवा वर, त्यापुढे त्यातून फारसं कळत नाही. तिरपा वारा असेल तर गोळीच्या रेषेशी ३० अंशाला निम्मा धरा, ४५ ला सुमारे ७० टक्के.

आणि जनावर चरत चालत असेल तर सोडून द्या. गोळीला ४०० यार्ड जायला अर्धा सेकंद लागतो. ताशी ३ मैलांनी चालणारं जनावर तेवढ्यात दोन फूट पुढे जातं.

धागाकर्ता

दोघांचे आभार. उंचवट्याचं डोक्यातच आलं नव्हतं. बायकोलाही धागा वाचायला दिला, ती तुमची फॅन झालीये.

सध्या .३०८ च ठेवतो, हद्द ३०० यार्ड. आमची रेंज दरीत आहे, तिथे पान हलत नाही, त्यामुळे सरावात मी फार हुशार असतो! या शनिवारी ताशी २० मैलांचा अंदाज आहे, माळावरच्या रेंजला जातोय. एक शंका: १६८ ग्रेनची मॅच गोळी (नेमबाजी स्पर्धेची) वाऱ्यात कमी वाहते म्हणतात. शिकारीला चालेल?

प्रतिसाद १

कागदावर मारा. ती अचूकतेसाठी बनवलेली असते, अंगात शिरल्यावर काय करेल याचा भरवसा नाही. वाऱ्यात कमी वाहणाऱ्या, पण शिकारीसाठीच केलेल्या गोळ्या .३०८ मध्ये मिळतात, १७८ ग्रेनची बघा. गोळी बदलली की झीरो (दुर्बीण नेमाला जुळवणं) नव्याने करायचा, आणि तोही शिकारीच्या जागेइतक्याच उंचीवर.