ग्रीक ‘मोइरा’ : दैव, प्राक्तन की आणखी काही?

प्रश्न
होमरच्या ‘ओडिसी’तले काही उतारे मराठीत आणायचा खटाटोप चालू आहे (ग्रीक येतं ते कोश मांडीवर घेऊन, इतपतच). दैवासाठीच्या ‘मोइरा’ या शब्दापाशी अडलोय. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘दैव’ लिहिलं, तर कीर्तन ऐकल्यासारखं वाटतंय. ‘नियती’ नाटकी वाटते. ‘प्राक्तन’ चालेल?

प्रतिसाद
प्राक्तन नकोच. प्राक्तन म्हणजे पूर्वीचं; त्यात मागल्या जन्मीचं कर्म आलं आणि होमरच्या वीरांना मागला जन्मच नाही. विधिलिखितही नको, कारण तिथे कुणी काही लिहीत नाही. मोइरा हे ग्रीकांच्या दैव ठरवणाऱ्या तीन देवींचंही नाव. हेसिअड या जुन्या ग्रीक कवीने त्या तिघींची नावं दिली आहेत: क्लोथो म्हणजे कातणारी, लाखेसिस म्हणजे वाटून देणारी, आत्रोपोस म्हणजे जिला मागे फिरवता येत नाही ती. आपली सटवाई लेखणी धरते, यांच्या हातात सूत आहे.

मोइराचा मूळ अर्थ साधा आहे: वाटा. ‘ओडिसी’च्या तिसऱ्या सर्गात पायलॉसच्या किनाऱ्यावर बैल बळी दिलेत, जेवणं चालू आहेत. तिथल्या राजाचा, नेस्टरचा मुलगा पाहुण्यांच्या हाती मांसाचा वाटा देतो, तिथे हाच शब्द आहे.

प्रतिसाद
म्हणजे आपल्यासारखंच की! भाग्य ‘भागा’वरून आलं. नशीब अरबीत हिस्सा, किस्मत अरबीत वाटणी. आणि अंश? ग्रीक खगोलगणितात वर्तुळाच्या अंशालाही मोइराच म्हणत. आजचे ग्रीक कोन मोजतात तेही मोइरांतच.

प्रश्नकर्ता
मग सरळ ‘भाग्य’ लिहू?

प्रतिसाद
मराठीत भाग्य कधीच चांगल्याच्या बाजूला गेलं. भाग्यवान, भाग्य उजळलं वगैरे. होमरमध्ये मोइरा बहुतेकदा मरणाला चिकटून येते. ‘त्याच्या भाग्यात मरण होतं’ हे कानाला खटकतं. नशिबाला थोडा लॉटरीचा वास येतो. माझं मत ‘वाटा’. कारण ‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गातली देवांचा राजा झ्यूस याची तक्रार. माणसं म्हणे सगळ्या दुःखाचा दोष देवांना देतात, पण स्वतःच्या मूर्खपणाने ‘हिपेर मोरोन’ दुःख ओढवून घेतात. ‘हिपेर’ म्हणजे पेक्षा जास्त; ‘मोरोन’ हे ‘मोरोस’चं रूप, आणि मोरोस हा मोइराचाच भाऊबंद. ‘विधिलिखितापेक्षा जास्त’ म्हणून पाहा, काही बोधच होत नाही. ‘वाट्यापेक्षा जास्त’ म्हटलं की लगेच कळतं.

उदाहरणही झ्यूसच देतो, एजिस्थसचं. देवांचा दूत हर्मीस याला मुद्दाम पाठवून त्याला बजावलं होतं की अगामेम्नॉन राजाला मारू नकोस, त्याच्या बायकोच्या मागे लागू नकोस, त्याचा मुलगा ओरेस्टीस सूड घेईल. याला अवदसा आठवली. दोन्ही केलं आणि मेला.

प्रतिसाद
त्या मूर्खपणाचा शब्द ‘आतास्थालिआ’ आहे, बरोबर? नुसता अडाणीपणा नाही तो. कुणी बजावलं असताना केलेला. ‘आततायीपणा’ नेमका बसतो. (ध्वनी जुळतो म्हणून नातं जोडू नका, आपला आततायी म्हणजे धनुष्य ताणलेला.)

प्रश्नकर्ता
असं केलं: “वाट्याला आलं त्याहून जास्त दुःख माणसं आपल्याच आततायीपणाने ओढवून घेतात.” हे जमलंय असं वाटतं. पण होमरच्याच ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गात ट्रॉयचा वीर हेक्टर म्हणतो, आता मला मोइराने गाठलं. तिथे ‘वाट्याने गाठलं’ लिहिलं तर भाऊबंदकीचा खटला वाटेल हो.

प्रतिसाद
तिथे नाम सोडा. समोर शत्रूचा वीर अकिलीस आहे, भाला वाया गेलाय, पाठीराखा भाऊ वाटला तो तिथे नाहीच हे कळलंय. “माझी घटका भरली” म्हणू द्या त्याला. घटकाही मापूनच दिलेली असते.